'ती जेवली का?'

"आई परवा गेली. बाबा अजून आयसीयूत आहेत. त्यांना सांगायचं की नाही?"

मी समुपदेशन करते. २०२० पासून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की फोनवरचा पहिला श्वास ऐकूनच पुढचं वाक्य कळतं. साथ ओसरली, प्रश्न राहिला. एकाच गाडीतले दोघं अपघातानंतर दोन वेगळ्या दवाखान्यांत असतात, थोरला भाऊ ऑपरेशनच्या खाटेवर असताना धाकटा जातो, तेव्हाही हाच फोन येतो. विचारणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो. आवाज दबका, कारण तो वॉर्डाच्या दाराबाहेर उभा राहून बोलत असतो. आणि त्याला हवं असलेलं उत्तर तो स्वतःच पुढे करतो: "नकोच ना सांगायला?"

मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. त्याऐवजी मला सुनंदाची गोष्ट सांगावीशी वाटते. हे तिचं खरं नाव नाही, गावही सांगत नाही, काही तपशील मुद्दाम फिरवले आहेत. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, आणि तिनं "असू दे, ताई" म्हटल्यावरच हे पुढे पाठवते आहे.

सुनंदा एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. बाहेरच्या माणसाला हे पद पटकन उमगत नाही. आपल्या देशात रुग्णालयात पहिली समाजसेविका नेमली गेली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. तरी आजही नातेवाईक या बायांना 'त्या कागदाच्या मॅडम' म्हणूनच ओळखतात. पिवळं रेशनकार्ड आहे का, फुले योजनेत बसतं का, बेवारस म्हातारीला कुठल्या आश्रमात ठेवायचं, रक्ताला कोण येईल, विष घेतलेल्या सुनेशी सासू बाहेर गेल्यावर कोण बोलेल, हे सगळं त्यांच्याकडे. सुनंदाची पद्धत साधी होती. खाटेशेजारी स्टूल ओढायचं, बसायचं, चहा मागवायचा. कागद नंतर. "माणूस चहा प्यायला लागला की खरं बोलायला लागतो," असं ती म्हणते.

मार्च २०२० मध्ये स्टूल गेलं, चहा गेला. चेहरासुद्धा गेला. पीपीई किटच्या पाठीवर मार्करनं 'सुनंदा – समाजसेवा' लिहिलेलं असायचं, पण रुग्णाला दिसायची ती पुढची बाजू: वाफ धरलेला गॉगल आणि मास्क. नातेवाईकांना आत सोडत नव्हते. ते गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे राहायचे आणि डबे आत द्यायचे. प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेननं नाव आणि खाट नंबर. डबे आत नेणं, निरोप बाहेर आणणं, देणगीत मिळालेला टॅब रुग्णाच्या तोंडासमोर धरून मुलाबाळांशी बोलणं करून देणं, हेच तिचं काम झालं. सकाळी अकराला एक फेरी, संध्याकाळी पाचला दुसरी. ज्या माणसाला ती भेटायची त्याच्या घरी जाता येत नव्हतं, शेजारी बसता येत नव्हतं. आणि घरी परत गेल्यावर तिला स्वतःच्या मुलीपासून वेगळ्या खोलीत राहावं लागत होतं.

तिनं मला पहिला फोन केला जुलै २०२१ मध्ये. दुसरी लाट उतरली होती. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून बोलत होती, कारण खाली दोन खोल्यांत सासूबाई, नवरा आणि मुलगी होते. त्या काळात माझ्याशी बोलणारे निम्मे लोक असेच कुठून तरी बोलायचे: पार्किंगमधल्या गाडीतून, जिन्यातून, न्हाणीघरात नळ सोडून. दुसऱ्यांची गुपितं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं बोलायला टाकीमागे बसावं लागत होतं.

तक्रार होती मुलीची. "मी तिच्यावर फार ओरडते. काल तर काहीच कारण नव्हतं. ती मोसंबं सोलत होती, मी तिच्या हातातून ते हिसकावून घेतलं आणि मोरीत फेकलं. ताई, नऊ वर्षांची आहे ती. घाबरून रडलीसुद्धा नाही."

मी विचारलं, "मोसंबंच का?"

बराच वेळ फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. मग तिनं काकांबद्दल सांगितलं.

एप्रिल २०२१. काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय साठीच्या थोडं पुढे. ते आणि काकू एकाच दिवशी दाखल झाले. पुरुषांचा वॉर्ड खाली, बायकांचा वर. काकूंची खाट बावीस नंबर. काकूंकडे फोन नव्हता, काकांच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा मास्क. त्यामुळे दोघांमधला निरोप्या म्हणजे सुनंदा. मुलगा रोज डब्यासोबत दोन मोसंबी पाठवायचा. काका एक स्वतःला ठेवायचे आणि दुसरं सुनंदाच्या हातमोज्यावर ठेवून मास्क जरा वर करून म्हणायचे, "तिला द्या. ती जेवली का?"

सातव्या दिवशी पहाटे काकू गेल्या.

मुलानं सकाळी झाडाखाली सुनंदासमोर हात जोडले. "मॅडम, बाबांना सांगू नका. आत्ताच ऑक्सिजन खाली येतोय. ऐकलं तर तेही जातील." वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, "आज नको." ती बरं म्हणाली. नगरपालिकेच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले, मुलगा लांबून बघत होता. आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासोबतही दोनच मोसंबी आली. एकच आलं असतं तर बाबांनी विचारलं असतं.

पुढे सोळा दिवस काका वॉर्डात होते. सोळा दिवस ते दुसरं मोसंबं देत राहिले आणि विचारत राहिले. सुनंदा ते घेऊन वर जायची आणि बावीस नंबरवर आलेल्या नव्या बाईला द्यायची. खाली आल्यावर म्हणायची, "दिलं, काका. बावीस नंबरला दिलं." ती बाई काकांच्या आधी दोन दिवस घरी गेली. शेवटची दोन मोसंबी सिस्टरांच्या टेबलावर तशीच राहिली.

काकांना कळलं ते घरी जाताना, गाडीत. मुलानंच सांगितलं. त्यानंतर सुनंदाची त्यांची भेट झाली नव्हती.

इथे माझी चूक सांगायला हवी, कारण हीच चूक घरोघरी प्रेमापोटी होते. मी तिला म्हणाले, "सुनंदा, यात तुमची काहीच चूक नव्हती. निर्णय घरच्यांचा होता, डॉक्टरांचा होता. तुम्ही फक्त निरोप पोचवलात." मला तिला मोकळं करायचं होतं. ती "हो, ताई" म्हणाली, आणि पुढचे तीन आठवडे तिचा फोन आला नाही. ती जखम दाखवायला आली होती आणि मी तिच्यावर रुमाल टाकला.

ऑगस्टमध्ये तिनं परत फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "निर्णय तिघांचा होता ताई, पण तोंड माझं होतं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. साथीच्या काळात समाजकार्य करणाऱ्या, परिचारिका, आशाताई यांच्याशी बोलताना मला जे सापडत नव्हतं ते यात होतं. या बायकांना थकवा होता, भीतीही होती. पण थकलेलं माणूस विश्रांतीनं सावरतं. सुनंदाला आठ दिवसांची रजा मिळाली होती आणि त्या आठ दिवसांत तिची झोप आणखीच उडाली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात 'मॉरल इंज्युरी' ही संज्ञा वापरली. आपल्याला जे बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध वागावं लागलं, किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनी तसं वागायला लावलं, तर आतून जी जखम होते ती. तिला 'तुझी चूक नाही' हे मलम चालत नाही. ज्याला ती झाली त्याला आपण काय केलं ते नेमकं ठाऊक असतं, आणि तेच दुसऱ्या कुणी नेमकेपणानं ऐकावं असं त्याला वाटत असतं.

म्हणून या वेळी मी वेगळं सांगितलं. "त्या सोळा दिवसांत तुम्ही काकांना जी वाक्यं बोललात ती आठवतील तशी लिहा. कारणं लिहू नका. फक्त वाक्यं."

पुढच्या फोनवर तिनं ती वाचली. "तुम्ही आधी बरे व्हा, काका." "डॉक्टर बघतायत." "मला वरचं आज नीट सांगता येणार नाही, मुलाशी बोला." "दिलं." "बावीस नंबरला दिलं." "हो, जेवल्या." "आज थोडा भात खाल्ला."

वाचता वाचता ती शेवटच्या वाक्यापाशी थांबली. म्हणाली, "हे मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. मुलानं सांगू नका म्हटलं होतं. भात खाल्ला असं सांगा, असं नव्हतं म्हटलं. ते मी माझ्या मनानं केलं. त्यांच्या डोळ्यांत जरा बरं वाटलेलं दिसायचं म्हणून."

मी विचारलं, "आणि 'बावीस नंबरला दिलं' हे?"

"ते खरं होतं ना," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच रडली. शब्दानं तरी खोटं बोलायचं नाही म्हणून ती किट घालून, घामानं निथळत, रोज एक मजला चढून जात होती. तिच्या मनानं तेव्हाच कौल दिला होता. तो ऐकायला सवड नव्हती, कारण खाली आणखी चाळीस डबे वाट बघत होते.

मुलीचं आपसूक सुटलं नाही, त्यावर वेगळं काम करावं लागलं. सुनंदानं मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं की तू काही केलं नव्हतंस, त्या फळावरून मला एका आजोबांची आठवण येते. मुलीनं विचारलं, "आजोबा मेले का?" "नाही, आजी गेल्या." एवढं बोलणं पुरलं. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी लागतं, फक्त ते खरं असावं लागतं.

आता दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलाकडे येते.

सुनंदाच्या कागदावर दोन प्रकारची वाक्यं होती. 'डॉक्टर बघतायत', 'मला नीट सांगता येणार नाही' ही थांबवणारी. 'भात खाल्ला' हे रचलेलं. बातमी थांबवायला कारण असू शकतं. तुमची भीती खोटी नाही. तीव्र दुःखानं हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा पडतो, जपानी डॉक्टरांनी त्याला 'ताकोत्सुबो' असं नाव दिलं आहे. ज्याचा श्वासच मशीनवर चालला आहे त्याच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द ऐकलाच पाहिजे. पण डॉक्टरांना 'सांगू का?' एवढंच विचारलं तर ते 'आज नको' म्हणतील आणि पुढच्या रुग्णाकडे जातील. 'आज नको तर कधी? कशावरून ठरवायचं? त्या वेळी तुम्ही जवळ असाल का?' हे विचारा. काकांच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं. दहाव्या दिवसापासून त्यांचा ऑक्सिजन सुधारत होता. मुलाला वाटलं डॉक्टर सांगतील तेव्हा सांगू, डॉक्टरांना वाटलं घरच्यांनी सांगितलं असेल, आणि सुनंदा दोघांची वाट बघत मोसंबी वर नेत होती. 'आज नको' म्हणणाऱ्या तिघांपैकी कुणीच दिवस ठरवला नव्हता.

दिवस ठरवा आणि सांगणारं माणूसही ठरवा. ते घरातलं असावं. नर्स किंवा मॅडम सोबत असाव्यात, पण सांगायला त्यांना पुढे ढकलू नये. तोपर्यंत थांबवायचं असेल तर थांबवा, पण जेवण, झोप, निरोप यांच्या गोष्टी रचू नका. रचलेली प्रत्येक गोष्ट नंतर तो माणूस एकेक करून आठवतो आणि तेव्हाचं आपलं समाधान त्याला टोचायला लागतं. सांगायच्या वेळी आधी त्यांना विचारा, "तुम्हाला काय वाटतं, आईची तब्येत कशी असेल?" कॅन्सरच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी याची जी पद्धत रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडली, तिच्यातही सांगण्याआधी हे विचारणं येतं. पुष्कळदा माणूस अर्धा रस्ता स्वतःच चालून आलेला असतो. मग साध्या शब्दांत सांगा: "आई गेली." 'सिरीयस आहे' असं म्हणून पुन्हा दोन दिवस ढकलू नका. सांगून झाल्यावर उठू नका. त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या सिस्टरांना कळवून ठेवा.

आणि त्यांनी मधेच सरळ "ती आहे का?" असं विचारलं, तर ठरलेला दिवस विसरा.

आणखी एक गोष्ट मला नवरा-बायकोच्या बाबतीत फार महत्त्वाची वाटते आणि ती मी काकांकडून शिकले, म्हणजे सुनंदाकरवी.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळू लागली. अर्ज ऑनलाइन होता, पण मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं, चाचणीचा रिपोर्ट हरवलेला असतो, नावात एक अक्षर चुकलेलं असतं, म्हणून माणसं रुग्णालयाच्या खिडकीवर यायचीच. जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी काका आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. ते बरेच वाळले होते. त्यांनी सुनंदाला ओळखलं नाही. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

याआधी आमच्या बोलण्यात एकदा असं आलं होतं की तिनं आपणहून त्यांना फोन करावा का. तिला फार वाटत होतं. मी विचारलं होतं, "तो फोन कुणाला बरं वाटावं म्हणून असेल?" ती विचार करून म्हणाली होती, "मला." म्हणून फोन केला नव्हता. पण ते समोर आलेच तर काय बोलायचं, ते आम्ही एका वाक्यात तयार करून ठेवलं होतं. कारणं त्यात घालायची नव्हती.

तिनं त्यांना स्टूल दिलं. चहा मागवला. मग म्हणाली, "काका, कोविड वॉर्डात डबा आणणारी ती मीच. काकू गेल्यावरही मी तुम्हाला त्या जेवल्या म्हणून सांगत होते. ते खोटं होतं."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग बोलायला लागले तेव्हा आवाज चढला, खिडकीतल्या रांगेनं मान वळवली. "तुम्हाला माहितीय का, दहाव्याला कावळा शिवला नाही. पोरगा तासभर उभा होता घाटावर. याची काळजी घेऊ, त्याची काळजी घेऊ, सगळं म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. एकट्याला. पोराला कुठून माहीत असणार? आणि मी इथं आडवा पडून तिला मोसंबी पाठवत होतो."

काय राहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. सुनंदानं विचारलंही नाही. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, कारण अशा वेळी विचारायचा मोह फार होतो, आणि विचारलं की पुन्हा त्या माणसाकडून काहीतरी घेतल्यासारखं होतं. मी मात्र तेव्हापासून दाराबाहेरच्या प्रत्येक मुलाला सांगते: दहावं, तेरावं, अस्थी, काहीही करा किंवा करू नका, पण मागे राहिलेल्या जोडीदाराला विचारल्याशिवाय सगळं उरकून टाकू नका. एक वाटी अस्थी ठेवता येते. एक विधी महिन्यावर ढकलता येतो. फोन कानाला लावून घाटावरून दोन शब्द बोलू देता येतात.

चहा आला. काकांनी तो बशीत ओतला आणि तसाच धरून बसले.

"ती मोसंबी कुठं गेली?"

"बावीस नंबरवर नवीन बाई आल्या होत्या. त्यांना दिली. शेवटची दोन राहिली होती."

"वाचली का ती?"

"हो. तुमच्या आधी दोन दिवस घरी गेल्या."

"कुठल्या गावची?"

"ते सांगता येत नाही, काका."

काकांनी बशी तोंडाला लावली, रिकामी करून टेबलावर ठेवली. पिशवीतून अर्ज काढून तिच्यापुढे सरकवला. "यात तिचं नाव चुकलंय," ते म्हणाले. "ते आधी नीट करा."